मतदारांचा कौल आणि राजभवनाची बक्षिसी

जुलै २०२४ च्या अखेरीस श्री. हरिभाऊ बागडे यांची राजस्थानच्या राज्यपालपदी नियुक्ती झाली, तेव्हा आमच्या जिल्ह्यात आनंद व्यक्त झाला. तो स्वाभाविकच होता. चित्तेपिंपळगावसारख्या खेड्यातून आलेला, मातीशी नाते न तोडलेला एक कार्यकर्ता जयपूरच्या राजभवनात जातो, याचे कौतुक पिशोरला वाटावे, कन्नडला वाटावे, फुलंब्रीला तर विशेषच वाटावे. परंतु त्या दिवसांत जे गौरवलेख प्रसिद्ध झाले, त्यांतील एक गोष्ट मात्र विचार करायला लावणारी होती. सर्वांनी त्यांच्या योग्यतेचा पहिला दाखला म्हणून त्यांच्या निवडणुकांचा हिशेब मांडला. सहा वेळा आमदार, मंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, म्हणून राज्यपाल! या ‘म्हणून’ला कोणीही हरकत घेतली नाही. माझी हरकत नेमकी त्या ‘म्हणून’ला आहे. व्यक्ती म्हणून हरिभाऊंविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो.

आधी हिशेब नीट पाहू. १९८५ साली हरिभाऊ त्या वेळच्या औरंगाबाद पूर्व मतदारसंघातून प्रथम विधानसभेत गेले. नावात ‘औरंगाबाद’ असले तरी तो मुख्यतः शहराभोवतालच्या खेड्यापाड्यांचा मतदारसंघ होता. १९९०, १९९५ आणि १९९९ या तिन्ही निवडणुकांत मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. युतीच्या राजवटीत ते मंत्री झाले. २००४ साली काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे यांनी त्यांचा पराभव केला. मतदारसंघांची फेररचना होऊन फुलंब्री हा मतदारसंघ अस्तित्वात आला, आणि २००९ साली तेथेही काळेच विजयी झाले. दहा वर्षे बाहेर काढल्यावर २०१४ साली हरिभाऊंनी काळे यांच्यावर मात केली, तीही चार हजारांहून कमी मतांनी. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ते विधानसभेचे अध्यक्ष झाले. २०१९ साली त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्यांचे मताधिक्य पंधरा हजारांच्या घरात गेले. आणि ३१ जुलै २०२४ रोजी, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी राज्यपालपदाची शपथ घेतली. त्याआधी दोनच महिने, त्यांचे जुने प्रतिस्पर्धी कल्याण काळे हे जालना मतदारसंघातून श्री. रावसाहेब दानवे यांना पराभूत करून लोकसभेत गेले होते.

हा इतिहास कोणत्याही लोकशाहीवाद्याला अभिमान वाटावा असा आहे. हा केवळ हरिभाऊंचा नव्हे, तर मतदारांचाही इतिहास आहे. त्यांनी चार वेळा दिले, दोन वेळा काढून घेतले, मग दोन वेळा परत दिले. उमेदवाराला दहा वर्षे घरी बसवण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे, हे ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने दाखवून दिले. आमदाराचे पद हे मतदारांकडून पाच वर्षांच्या मुदतीने घेतलेले कर्ज असते. मुदत भरली की हिशेब द्यावा लागतो. प्रश्न असा की या कर्जाच्या खात्यावर दिल्लीने बक्षिसी कशी द्यावी?

राज्यघटनेच्या १५८व्या अनुच्छेदानुसार विधिमंडळाचा सदस्य राज्यपाल झाला, की शपथेच्या दिवसापासून त्याची जागा रिकामी झाली असे मानले जाते. फुलंब्रीची जागा अशी रिकामी झाली. विधानसभेची मुदत संपायला एक वर्षाहून कमी काळ उरला असल्याने पोटनिवडणूक घेण्याचे बंधन नव्हते, आणि ती झालीही नाही. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागून श्रीमती अनुराधा चव्हाण निवडून आल्या, तोपर्यंत जवळजवळ चार महिने फुलंब्रीच्या मतदारांना आमदार नव्हता. ऐन खरिपाचे ते दिवस. कोणी म्हणेल, चार महिन्यांत असे काय बिघडले? कदाचित काहीच बिघडले नसेल. पण मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठवलेला प्रतिनिधी मुदतीपूर्वी उचलून दुसरीकडे नेताना त्यांना कोणी विचारले काय? एखाद्या प्राध्यापकाला सत्राच्या मध्येच दुसऱ्या महाविद्यालयात पाठवले, तर विद्यार्थी निदान ओरड तरी करतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राज्यपाल निवडून आलेला असावा की नेमलेला, याचा खल घटना समितीत झाला होता. १९४७ साली सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील प्रांतिक घटना समितीने प्रौढ मतदानाने थेट निवडलेला राज्यपाल सुचवला होता. १९४९ च्या मे महिन्यात ही कल्पना सोडून देण्यात आली आणि राष्ट्रपतींनी नेमणूक करावी असे ठरले. त्यामागील युक्तिवाद सरळ होता. मुख्यमंत्री लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा आणि राज्यपालही लोकांनीच निवडलेला, असे झाले तर एका म्यानात दोन तलवारी होतील. पंडित नेहरूंनी त्या चर्चेत आणखी एक मुद्दा मांडला. नेमणुकीची पद्धत असेल तर शिक्षणादी क्षेत्रांतील, राजकारणात फारसा भाग न घेतलेली, सर्वांना मान्य होतील अशी माणसे या पदावर आणता येतील, असा त्याचा आशय होता.

म्हणजे निवडणुकीऐवजी नेमणूक स्वीकारली, ती कशाच्या बदल्यात? अलिप्ततेच्या बदल्यात. राज्यपालाला मतदारांपासून तोडायचे, पण पक्षापासूनही तोडायचे, असा तो सौदा होता. आपण त्यातील पहिला भाग तंतोतंत पाळला आणि दुसरा भाग विसरलो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर किंमत पूर्ण मोजली आणि माल मात्र पदरात पडला नाही.

हे विस्मरण आजचे नाही, आणि एकाच पक्षाचेही नाही. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या भरात, पुणेकरांनी काँग्रेसच्या काकासाहेब गाडगीळांचा पराभव करून प्रजासमाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे यांना निवडून दिले. गाडगीळांचा त्याग, विद्वत्ता आणि वक्तृत्व यांविषयी नानासाहेबांच्या मनातही शंका नसेल. परंतु पुढच्याच वर्षी काकासाहेब पंजाबचे राज्यपाल म्हणून चंडीगडला गेले. ज्यांना मतदारांनी नाकारले त्यांना राजभवनाने स्वीकारले, या परंपरेचे महाराष्ट्रातील एक सुरुवातीचे उदाहरण ते हेच.

पुढे हा पायंडा रुळला. आमच्या मराठवाड्यातील श्री. शिवराज पाटील चाकूरकर हे लातूरमधून १९८० ते १९९९ अशा सलग सात निवडणुका जिंकले. लोकसभेचे सभापती झाले. २००४ साली लातूरच्या मतदारांनी श्रीमती रूपाताई पाटील निलंगेकर यांना पसंती दिली. तरीही राज्यसभेच्या मार्गाने ते देशाचे गृहमंत्री झाले. मुंबईवरील हल्ल्यानंतर नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले, आणि २०१० च्या आरंभी ते पंजाबचे राज्यपाल झाले. पक्ष बदलला तरी रीत तीच राहिली. श्री. राम नाईक उत्तर मुंबईतून लोकसभेवर लागोपाठ पाच वेळा निवडून गेले, २००४ आणि २००९ साली पराभूत झाले, आणि २०१४ साली केंद्रात सत्ताबदल होताच उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. ज्या यादीत हरिभाऊंचे नाव आले, त्याच यादीने महाराष्ट्राला श्री. सी. पी. राधाकृष्णन दिले. त्यांना कोइमतूरच्या मतदारांनी १९९८ व १९९९ साली निवडून दिले होते, आणि २००४, २०१४ व २०१९ साली नाकारले होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले.

जिंकलेले जातात आणि हरलेलेही जातात. तेव्हा निवडणुकीच्या निकालाशी या नेमणुकांचा काही संबंध नसतो, हेच सिद्ध होते. कोणाची सोय लावायची, कोणाला वाटेतून दूर करायचे, कोणाची समजूत काढायची, हे पक्षाचे गणित तेवढे त्यांतून सुटते. २००४ साली विधानसभेची निवडणूक आघाडीने जिंकली ती श्री. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना. पण मुख्यमंत्री दुसरेच झाले आणि शिंदे राज्यपाल म्हणून हैदराबादला रवाना झाले. सव्वा वर्षात ते केंद्रात मंत्री म्हणून परतले. राजभवन हे त्या काळापुरते प्रतीक्षालय ठरले.

जयपूरच्या राजभवनाचा मराठी इतिहास तर या दृष्टीने फारच बोलका आहे. जून १९८५ मध्ये वसंतदादा पाटलांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्यांना न विचारता श्रीमती प्रभा राव यांना प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद दिले गेले, हे त्याचे निमित्त होते. त्याच वर्षी दादा राजस्थानचे राज्यपाल झाले. आणि पंचवीस वर्षांनी, २०१० साली, त्याच प्रभा राव त्याच राजभवनात राज्यपाल म्हणून गेल्या! ज्या भांडणाने एक मुख्यमंत्री गेला, त्या भांडणातील दोन्ही बाजूंची सोय एकाच वास्तूत झाली. राजस्थानच्या जनतेचा या भांडणाशी काय संबंध होता, हे विचारण्याची कोणालाच गरज वाटली नाही.

या दोघांच्या दरम्यान, २००४ पासून २००७ पर्यंत, श्रीमती प्रतिभाताई पाटील तेथे राज्यपाल होत्या. जळगाव, एदलाबाद, अमरावती असा प्रवास करताना त्या कधीही निवडणूक हरल्या नाहीत. २००६ साली राजस्थानातील भाजप सरकारचे धर्मांतरविषयक विधेयक त्यांनी परत पाठवले. ते विधेयक मला मुळीच मान्य नव्हते, आणि ते परत गेले याचे मला समाधानच वाटले. परंतु एका पक्षात सारी हयात घालवलेली व्यक्ती दुसऱ्या पक्षाच्या सरकारचे विधेयक परत करते, तेव्हा निर्णय योग्य असूनही त्यावर पक्षाची सावली पडते. विरोधकांना घटनात्मक युक्तिवादाला उत्तर द्यावेच लागत नाही. ‘त्या त्यांच्याच पक्षाच्या’ एवढे म्हटले की काम भागते. चांगल्या निर्णयाचेही नैतिक बळ हिरावून घेणारी ही पद्धत आहे. आपल्या मताचा राज्यपाल आला म्हणून टाळ्या पिटणाऱ्या सर्वांनी, आपल्या बाजूच्या मंडळींनीसुद्धा, हे ध्यानात ठेवावे.

या साऱ्याची किंमत महाराष्ट्राने अगदी अलीकडे मोजली आहे. उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री आणि २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेचे सदस्य असलेले श्री. भगतसिंह कोश्यारी खासदारकी संपली त्याच वर्षी मुंबईच्या राजभवनात आले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेचा शपथविधी अजून कोणी विसरलेले नाही. २०२० च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने विधानपरिषदेसाठी शिफारस केलेली बारा नावे सरकार पडेपर्यंत निर्णयावाचून पडून राहिली. जून २०२२ मध्ये त्यांनी बहुमत सिद्ध करण्याचा जो आदेश दिला, तो समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. पण तोवर मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला होता, सरकार गेले होते आणि राज्यपालही निवृत्त होऊन गावी परतले होते. नागपूरचे तीन वेळा खासदार राहिलेले, प्रथम काँग्रेसचे आणि नंतर भाजपचे, श्री. बनवारीलाल पुरोहित पंजाबचे राज्यपाल असताना विधेयकांचा प्रश्न न्यायालयात गेला. राज्यपालाला विधेयके अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाहीत, असे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

ही व्यक्तींच्या स्वभावाची गोष्ट नाही. अर्थशास्त्र शिकवताना एक साधे सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. माणसाच्या वर्तनावर त्याच्या आजच्या पगारापेक्षा उद्याच्या बढतीचा आणि उद्याच्या भीतीचा परिणाम अधिक होतो. आमदाराची बढती आणि भीती दोन्ही मतदारांच्या हाती असतात. राज्यपालाचे तसे नाही. १५६व्या अनुच्छेदाप्रमाणे तो राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर पदावर असतो, आणि राष्ट्रपतींची मर्जी म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची मर्जी. मनमानीपणे राज्यपालाला काढता येणार नाही, असे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले खरे, पण राजीनामा ‘सुचवण्या’च्या कलेला कायद्याचा अटकाव नाही. लाखो मतदारांना उत्तरदायी असलेला माणूस एका दिवसात एकाच खिडकीकडे पाहणारा होतो. निवडणुकीचा इतिहास जितका दीर्घ, तितके पक्षाचे ऋण मोठे. तिकीट पक्षाने दिले, मंत्रिपद पक्षाने दिले, आणि आता उतारवयातील हा मानही पक्षानेच दिला. या ऋणातून मुक्त होऊन निर्णय घेणारी माणसे नसतात असे नाही. परंतु घटनात्मक व्यवस्था संतांच्या भरवशावर उभारायच्या नसतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. राजकारणी नकोत, तर मग कोण हवेत? निवृत्त पोलिस अधिकारी? निवृत्त सचिव? निवृत्त न्यायमूर्ती? ज्यांनी आयुष्यात कधी कोणापुढे मतासाठी हात जोडले नाहीत, त्यांना लोकांचे दुःख काय कळणार? त्यापेक्षा दुष्काळात गावोगाव फिरलेला, हरण्याची चव घेतलेला कार्यकर्ता बरा. हा युक्तिवाद मला बऱ्याच अंशी मान्य आहे. नोकरशहांची मालिका हा काही उपाय नव्हे. आदेश पाळण्याची सवय त्यांच्याही अंगी मुरलेली असते. पण या आक्षेपातून निष्पन्न होते ते एवढेच, की निवडणुकीचा अनुभव हा राज्यपालपदाला अपात्र ठरवणारा दोष नव्हे. तो पात्रतेचा पुरावा आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. लोकांशी नाते हवे, पक्षाशी नाळ नको. हा भेद करता येतो, आणि तो करण्याच्या वाटाही सांगून झालेल्या आहेत.

सरकारिया आयोगाने १९८८ सालीच सांगितले होते, की राज्यपाल राज्याबाहेरचा, सार्वजनिक जीवनात काही कर्तृत्व असलेला, आणि विशेषतः नजीकच्या काळात राजकारणात फारसा न गुंतलेला असावा. केंद्रातील सत्ताधारी पक्षाचा राजकारणी दुसऱ्या पक्षाच्या राज्यात पाठवू नये. आणि नेमणुकीपूर्वी मुख्यमंत्र्यांशी सल्लामसलत व्हावी. २०१० साली पुंछी आयोगाने आणखी पुढे जाऊन, नेमणुकीपूर्वी निदान दोन वर्षे सक्रिय राजकारणापासून दूर राहिलेली व्यक्तीच निवडावी, असे सुचवले. त्याने निश्चित पाच वर्षांची मुदत आणि विधिमंडळाकडून महाभियोगाची तरतूदही सुचवली. हे अहवाल काँग्रेसच्या राजवटीत आले आणि काँग्रेसनेच ते कपाटात ठेवले. आज भाजपला त्या कपाटाची किल्ली शोधण्याची गरज वाटत नाही. विरोधात असताना राज्यपालांच्या नावाने शंख करायचा आणि सत्तेत आल्यावर त्याच राजभवनांच्या चाव्या खिशात टाकायच्या, यात दोघांचे एकमत आहे.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. पहिली, विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या विद्यमान सदस्याला राज्यपाल नेमू नये. मतदारांनी दिलेली मुदत त्यांच्या संमतीवाचून कोणी तोडू नये. दुसरी, शेवटचे निवडून आलेले वा पक्षाचे पद आणि राज्यपालपद यांत दोन वर्षांचे अंतर कायद्याने सक्तीचे करावे. हे अंतर असते तर वर उल्लेखिलेली कितीतरी नावे यादीत आलीच नसती. तिसरी, मुदत निश्चित करावी आणि पदावरून दूर करण्याची प्रक्रिया विधिमंडळात उघडपणे व्हावी. चौथी, राज्यपालपद सोडल्यावर पक्षीय राजकारणात परत येण्यास बंदी असावी. या चौथ्या मागणीने आपल्या बाजूचेही काही लोक नाराज होतील. सिक्कीमचे राज्यपालपद २०१८ साली संपवून परतलेले श्री. श्रीनिवास पाटील २०१९ च्या पोटनिवडणुकीत साताऱ्यातून उभे राहिले, आणि पक्षांतर करून आलेल्या उमेदवाराला मतदारांनी धडा शिकवला, याचा आनंद अनेकांना झाला. तो मलाही झाला. पण नियम आवडत्या माणसासाठी वाकवायचा नसतो. परतीची वाट उघडी ठेवली की राजभवनातील प्रत्येक सहीवर पुढच्या तिकिटाची छाया पडते.

राजस्थानात हरिभाऊ गेले तेव्हा तेथे आणि केंद्रात एकाच पक्षाचे सरकार होते. त्यामुळे संघर्षाचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही, असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. पण पदाची कसोटी शांततेच्या काळात लागत नसते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी अध्यक्षपदी बसलेल्या हरिभाऊंनी नव्या सरकारवरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे जाहीर केले, आणि शिवसेना व काँग्रेसने मागितलेली मतविभागणी झाली नाही. त्या दिवशी सभागृहात किती हात कोणाच्या बाजूचे होते, हे महाराष्ट्राला मोजून कळले नाही. उद्या एखाद्या राज्यात बहुमताचा प्रश्न राज्यपालापुढे आला, तर तो हात मोजायला लावील की आवाज ऐकून ठरवील? तेव्हा त्याने किती निवडणुका जिंकल्या होत्या याला काहीच महत्त्व उरणार नाही. तो कोणाचा, एवढेच पाहिले जाईल. ज्या पदाकडे पाहताना हा प्रश्न आधी सुचतो, ते पद घटनेने कल्पिलेले पद राहिलेले नाही.

फुलंब्रीच्या आणि कन्नडच्या मतदारांना माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या भागातील माणसाला मान मिळाला, याचा आनंद जरूर करावा. पण सहा वेळा दिलेली मते ही राजभवनाच्या पायऱ्या म्हणून दिलेली नव्हती. ती रस्त्यासाठी, पाण्यासाठी, मालाच्या भावासाठी दिली होती. पुढच्या वेळी जो कोणी मत मागायला दारात येईल, त्याला विचारावे, ‘पाच वर्षे आमचा राहणार ना? की मध्येच दिल्लीने बोलावले तर निघणार?’ हा प्रश्न पिशोरच्या बाजारात विचारला जाऊ लागला, तर आयोगांच्या अहवालांना जे साधले नाही ते कदाचित त्याने साधेल.